सात कामं आणि एक लाल पट्टी

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. वाढदिवसाचं नव्हे, वाचनालयाचंही नव्हे. ती कार्डं नशीबवान, त्यांच्यावर निदान कुणाचं तरी नाव असतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमधलं लाइन कार्ड आहे. वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर दाटीवाटीने बसलेले काळे-करडे सुटे भाग आणि पुढच्या कडेला एक बारीक दिवा. दिवा हिरवा असला की मी ठणठणीत. लाल झाला की मला उपटायला माणूस येतो. तब्येतीची इतकी सरळ चौकशी माणसांच्याही वाट्याला येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. ओळीने बसलेल्या बायका डोळ्यांना भिंग लावून माझ्यावर डाख देत होत्या. मग मला भट्टीत तापवलं, लगेच गारठ्यात ठेवलं, आणि एवढा छळ करूनही मी चालतोय हे पाहून एका बाईंनी माझ्या कपाळावर शिक्का मारला, ‘क्यूसी’. म्हणजे गुणवत्ता तपासली. लघुरूपाशी माझी ही पहिली गाठ. सगळा जन्म यांच्याच शेजारात काढायचा आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी भट्टीतच नापास झालो असतो.

एक्स्चेंजच्या थंडगार हॉलमध्ये चपलांच्या मांडणीसारखे लोखंडी रॅक उभे होते. त्यातल्या एका खाचेत मला सरकवलं. आजूबाजूला पाहिलं तर पूर्ण नावाचं कुणीच नव्हतं. गावभरच्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात ती खोली म्हणजे एमडीएफ. तिच्या दारावर ‘मुख्य वितरण चौकट’ अशी मराठी पाटी रंगवली होती. ती वाचून आजवर कुणालाही ती खोली सापडलेली नाही. पलीकडे पीसीएम नावाचं यंत्र, त्याच्या डोक्यावर टीडीएम नावाचं दुसरं, आणि कोपऱ्यात नेहमी आजारी असलेला एसी, ज्याचं लघुरूप तेवढं तुम्हालाही ठाऊक आहे.

या सगळ्यांचे मुख्य म्हणजे आमचे इंजिनिअर साहेब. पाठीमागे सगळे त्यांना आद्याक्षर साहेब म्हणत. साहेबांना पूर्ण शब्दाचं वावडं होतं. सकाळी आले की दारातूनच विचारत, “पीसीएम ओके? एनएफएफ किती?” एनएफएफ म्हणजे ज्या तक्रारीत दोष सापडलाच नाही अशी तक्रार. साहेबांची ती फार लाडकी. घरून बायकोचा फोन आला की मात्र ते फक्त “हो” म्हणत. त्याचं आणखी छोटं रूप त्यांना सापडलं नसावं.

साहेबांचं बोलणं माणसांच्या भाषेत आणायचं काम टेस्टताईंचं. त्या टेस्ट डेस्कवर बसायच्या. गावातला फोन बंद पडला की तक्रार त्यांच्याकडे, आणि तपासणीही त्यांच्याच हाताने. पायावर शाल, कानाला हेडफोन, आणि समोरच्याला धीर देणारा आवाज. “होईल हो सुरू, माझ्यावर सोडा,” एवढं त्या म्हणाल्या की अर्धा फोन तिथेच दुरुस्त व्हायचा.

आता माझ्या कामाचं सांगतो. मला एकूण सात कामं. माझ्यावर जोडलेल्या सगळ्या फोनना वीज पुरवायची. आकाशात कडकडलं तर तो दणका आपल्या अंगावर झेलायचा. कुणाचा फोन आला की घंटा वाजवायची. रिसीव्हर कधी उचलला, कधी ठेवला यावर नजर ठेवायची. माणसाच्या बोलण्याचे आकडे करायचे, आणि पलीकडून आलेल्या आकड्यांचं बोलणं. जाणारा आणि येणारा आवाज एकमेकांत मिसळू द्यायचा नाही. आणि एवढं करून, ताईंनी विचारलं की आपली आपण तपासणी करून घ्यायची. या सात कामांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून शहाण्या लोकांनी शब्द केला, ‘बोर्श्ट’. उच्चारताना शिंक आल्यासारखं वाटतं. घरात सात कामं करणाऱ्या सुनेला निदान ‘अगं’ तरी म्हणतात. मला शिंकेवर भागवावं लागलं.

पण मित्रांनो, माझ्या लाइन्सवर माझा जीव होता. एक शिंपी होता, तो “उद्या नक्की” एवढेच दोन शब्द बोलायचा. एक गाण्याची शिकवणी होती. आणि एक होते घड्याळकाका.

घड्याळकाका पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे आणि घरीच लोकांची घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी रिसीव्हर उचलला की मला आधी घड्याळं ऐकू यायची. भिंतीवरची, टेबलावरची, कपाटातली, सगळी एका ठोक्यात. एकही मागे नाही, एकही पुढे नाही. त्यांची लेक दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्स होती. ती रोज चहाच्या सुट्टीत फोन करायची आणि काका दुसऱ्या घंटेला उचलायचे. संवाद ठरलेला.

“जेवलात का, बाबा?”

“हो.”

“गोळी?”

“हो.”

“खरं सांगा.”

“आता घेतो.”

मग एकदा काकांना चक्कर आली. तेव्हापासून “खरं सांगा” हे वाक्य दोनदा यायला लागलं, आणि सकाळचाही एक फोन वाढला.

माझे बरे दिवस चालले होते. रॅकमध्ये सर्वांत जुना म्हणून पाहुण्यांना मला दाखवायचे. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि आमच्या लाइन्स एकेक करून गप्प होत गेल्या. माझ्यात हलकी खरखर यायला लागली. तेवढ्यात नवी कार्डं आली, चकचकीत आणि गुळगुळीत. त्यांची एक खासियत साहेब फार कौतुकाने सांगायचे. बोलण्याहून हलका कुठलाही आवाज ही नवी कार्डं खरखर समजून गाळून टाकतात, त्यामुळे लाइन कशी स्वच्छ वाटते. मी आपला भोळा. येईल तो आवाज पुढे पाठवायचो, मग तो बोलण्याचा असो की घड्याळाचा.

साहेबांनी एकदा माझ्यासमोर उभं राहून “ईओएल” म्हटलं आणि माझ्यावर लाल पट्टी चिकटवली.

“म्हणजे याचं आयुष्य संपलं,” ताईंनी नव्या मदतनीस बाईंना समजावलं. “उद्या काढायचंय.”

आपल्या मरणाची बातमी भाषांतरात ऐकायला मिळणं, हा अनुभव फार थोड्यांना येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब हातात नवं कार्ड घेऊन माझ्याकडे निघालेच होते, तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पलीकडे घड्याळकाकांची लेक होती. आज ती सुट्टीची वाट न पाहताच बोलत होती.

“ताई, बाबांचा फोन सकाळपासून एंगेज लागतोय. ते इतका वेळ कुणाशी बोलत नाहीत. माझ्याशीसुद्धा नाही.”

“बघते हं. लाइनवरच राहा.”

ताईंनी माझी तपासणी केली. मी प्रामाणिकपणे कळवलं, रिसीव्हर उचललेला आहे. किती वेळ? बराच. नंबर फिरवला? नाही. मित्रांनो, रिसीव्हर उचलून कुणी बराच वेळ नंबरच फिरवला नाही, तर आम्ही ती लाइन बाजूला उभी करून ठेवतो. तिला लॉकआउट म्हणतात. मग घंटा जात नाही आणि फोन करणाऱ्याला एंगेज ऐकू येतं. माझी नजर एवढीच पोचते. रिसीव्हर उचलणारा हात कुठे आहे, हे मला दिसत नाही.

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. “एलएलओ. सब साइड. एनएफएफ.”

“काय म्हणाले ते?” लेकीने विचारलं.

“रिसीव्हर नीट ठेवलेला नाही म्हणाले. आमच्या बाजूने दोष नाही.”

“दोष नाही हे बरंच झालं. पण बाबा कुठे आहेत?”

याचं उत्तर कुठल्याच लघुरूपात नव्हतं. साहेब खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले. ते सहसा कुणाच्या शेजारी बसत नसत.

“हाउलर,” ते म्हणाले.

हाउलर म्हणजे विसरलेला रिसीव्हर जागेवर ठेवा म्हणून आम्ही फोनमधून मारलेली किंकाळी. ती ऐकून माणूस धावत येतो, निदान शिव्या तरी देतो. ताईंनी ती सोडली. मी अंगात होती नव्हती ती ताकद लावली. कुणी आलं नाही. कुणी शिवीही दिली नाही.

मग ताईंनी किंकाळी थांबवून नुसतं ऐकायला सुरुवात केली. टेबलावर पडलेल्या रिसीव्हरमधून काकांची खोली माझ्यात येत होती. मी ती आकडे करून पुढे पाठवत होतो. घड्याळं चालू होती. टक, टक, टक.

“आवाज येतोय,” ताई म्हणाल्या. “घड्याळांचाच आहे. बाकी काही नाही.”

“मला ऐकवता येईल का?”

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. असं करायचं नसतं. साहेबांनी स्वतः हात पुढे करून बटण दाबलं आणि लेकीला लाइनवर जोडलं. ती ऐकत राहिली. आपली खरखर तिच्या कानात जाऊ नये म्हणून मी श्वास रोखला. मला श्वास नसतो, पण रोखला.

“ताई, एक घड्याळ चुकतंय,” ती म्हणाली.

“चुकणारच. बिघडलेलीच तर येतात ना त्यांच्याकडे.”

“नाही हो. दुरुस्त झाल्याशिवाय बाबा कुठलंही घड्याळ चालूच ठेवत नाहीत. एक जरी मागेपुढे झालं तरी त्यांना झोप लागत नाही.” तिचा आवाज बदलला. “नीट ऐका. तीन ठोके, मग थांबतंय. परत तीन. ते घड्याळ नाही. कुणीतरी काच वाजवतंय.”

ताईंनी कान दाबून धरला. टक, टक, टक चालू होतं, आणि त्याच्या आड, अगदी हलकं, टिक टिक टिक. मग शांतता. मग पुन्हा.

“बाबा,” लेक म्हणाली. बटण दाबलेलंच होतं. तिचा आवाज माझ्यातून गेला आणि टेबलावरच्या रिसीव्हरमधून त्या रिकाम्या खोलीत उमटला. “बाबा, मी ऐकतेय. वाजवा.”

ठोके एकदम घाईने पडायला लागले.

“गॅलरी,” ती म्हणाली. “गॅलरीच्या दाराला काच आहे. बाबा बाहेर अडकलेत.”

साहेब उठले. आणि मित्रांनो, त्या दिवशी एक्स्चेंजने साहेबांच्या तोंडून पहिलं पूर्ण वाक्य ऐकलं.

“एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून उन्हात अडकले आहेत, शिडीभाऊंना सांगा की हातातलं काम तसंच टाकून तिकडे जा.”

मदतनीस बाई दचकल्या. साहेब पूर्ण बोलले म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्यांनाही कळलं.

शिडीभाऊ म्हणजे आमचे लाइनमन. त्याच रस्त्यावरच्या खांबावर चढले होते. निरोप मिळताच उतरले, शिडी खांद्यावर घेतली, मागच्या बाजूने काकांच्या गॅलरीला लावली आणि वर गेले. पुढचं मी कानांनी ऐकलं. आधी शिडीचा खणखणाट, मग कडीवर लोखंडी पट्टीची खुडबुड, मग दार उघडल्याचा आवाज, आणि सपाता ओढत कुणीतरी टेबलाकडे येत होतं.

“हॅलो,” काका म्हणाले. घसा पार बसला होता.

पलीकडे लेक होती. हुंदका होता, तो मी जसाच्या तसा पोचवला. नव्या कार्डाने गाळला असता.

“अगं, रडतेस काय? तुलाच फोन करायला रिसीव्हर उचलला होता. कपडे उडायला लागले म्हणून बाहेर गेलो, तर वाऱ्याने दार आपटलं आणि आतली कडी पडली. ओरडलो, पण तेव्हा खाली छापखान्याची यंत्रं धडधडत होती. ती थांबेपर्यंत घसा गेला.”

“काच फोडायची होती ना, बाबा.”

“काच कशी फोडणार? दारापाशीच टेबल आहे. टेबलावर लोकांची तीन घड्याळं उघडी पडलीयत. एक कण आत गेला असता तर काय सांगायचं त्यांना?”

“आणि तुम्हाला काही झालं असतं तर त्यांना काय सांगायचं होतं?”

काकांनी विचार केला. “एक गुरुवारी मिळेल म्हणून सांगितलंय,” ते म्हणाले.

ताई इतक्या हसल्या की त्यांना हेडफोन काढावा लागला. मागून शिडीभाऊंचा आवाज आला, “काका, पाणी घ्या आधी.” मग लेकीने विचारलं, “गोळी?”

“आता घेतो.”

“खरं सांगा.”

“अगं, खरंच घेतोय. हे गृहस्थ शिडी घेऊन समोर उभे आहेत.”

साहेबांनी बटण सोडलं आणि मोठा सुस्कारा टाकला. मग ते नवं कार्ड हातात घेऊन माझ्यासमोर आले. मी तयार होतो. बरं काम करून जायला मिळतंय, आणखी काय हवं. पण ते नुसतेच उभे राहिले. नव्या कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझी लाल पट्टी नखाने अलगद सोलून काढली आणि नवं कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून शिंप्याची लाइन तेवढी त्याला दिली. त्याच्या “उद्या नक्की”ला गाळण्यासारखं काही नव्हतं.

जाताना त्यांनी माझ्यावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर चार इंग्रजी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ साहेब कुणाला सांगत नाहीत. ताईंनाही नाही. पुढे किती अधिकारी तपासणीला येऊन गेले. प्रत्येक जण चिठ्ठी वाचतो, गंभीरपणे मान हलवतो आणि मला हात न लावता पुढे जातो. अर्थ विचारून आपलं अज्ञान कोण दाखवणार? जन्मभर ज्या लघुरूपांनी मला छळलं, त्यांतलंच एक आता माझं कवच होऊन बसलंय. मी त्याला दुवा देतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. बोलणं झालं की रिसीव्हर जागेवर ठेवा. आणि आपल्या माणसाचा फोन फार वेळ एंगेज लागला, तर ‘बोलत असतील कुणाशी’ म्हणून स्वस्थ बसू नका. जुन्या वस्तूंची खरखर लगेच पुसून टाकू नका, तिच्याआड कुणीतरी काच वाजवत असेल.

आता पुरे करतो. चहाची सुट्टी झाली आहे. लेकीचा फोन आलाय, मला घंटा वाजवायची आहे. ही पहिली. ही दुसरी.

उचलला.

“जेवलात का, बाबा?”