मुठीतला जड बोल्ट

मी एक जुना क्यू आहे, मित्रांनो. पूलच्या टेबलावर चेंडू मारायची काठी. माझ्या मुठीवरचा तपकिरी डाग पॉलिशचा नाही, रक्ताचा आहे. तेही ज्याने मला घडवलं त्याचंच.

तो लेथवर लाकूड कातायचा. त्याने मला सोललं, तासलं, बुडाला भोक पाडून आत लोखंडी बोल्ट पिळला. दुखलं, खोटं कशाला बोलू? मग त्याने मला एका बोटावर आडवं ठेवलं. बुडापासून बरोबर दोन विती सोडून मी स्थिर राहिलो.

"हा याचा तोल," तो धाकट्या भावाला म्हणाला. "हात याच्या जरासा मागे धर. आणि बोल्टला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

धाकटा चार वर्षं जिंकला. लोक मला हातात घेऊन बघत, मलाही शिंगं फुटली होती. मग पूलच्या हॉलमध्ये टायरच्या दुकानाचा मालक खेळायला आला, सगळे त्याला टायरवाला म्हणत. त्याच्या पहिल्याच फटक्याला चेंडू फुटतात की काय असं वाटे. धाकट्याला तसाच जोर हवा झाला. त्याने दादाच्या नकळत माझ्यात दुप्पट वजनाचा बोल्ट बसवला. माझा तोल चार बोटं मागे सरकला आणि नाक हलकं झालं.

रविवारी दुपारी सामना रंगला. शेवटचा काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी होता, तो आत गेला की सामना धाकट्याचा. धाकट्याने नेम धरला, माझं टोक वर उचललं गेलं आणि मी पांढऱ्या चेंडूवरून घसरलो.

"काठी घेऊन गुरं राख!" टायरवाला खदखदून हसला.

धाकट्याचं डोकं फिरलं. त्याने मला उलटं करून निमुळत्या टोकाला धरलं. आता सगळं वजन पुढे होतं. पहिला घाव टायरवाल्याच्या खांद्यावर बसला. तो स्टुलासकट कोसळला. दुसरा घाव त्याच्या डोक्यावर निघाला होता. मला थांबायचं होतं हो, पण जड बोल्ट मला ओढत होता. सामना बघायला आलेला दादा धावला आणि मध्ये त्याचा हात आला. मनगटाचं हाड मोडताना मी ऐकलं.

"दादा!" धाकटा किंचाळला.

दादा खाली बसला होता. बोटांतून रक्त गळत होतं. "बोल्ट बदललास ना?" तो म्हणाला. "मी बसवलेला एवढा लागला नसता."

हाड जुळलं, बोटं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. लेथ आता धाकटा चालवतो आणि दादा शेजारी बसून सांगतो. मी कित्येक वर्षं खिळ्याला लटकलो, धूळ खाल्ली. काल धाकट्याने मला उतरवून जुना बोल्ट परत बसवला.

"बघ दादा, जमलंय का."

दादाने मला बोटावर ठेवलं. मी पडलो. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलो. माझ्यात काही खोट नव्हती. त्याचं बोट थरथरत होतं.

मित्रांनो, मला पुसू नका, खडू लावू नका, अडगळीत टाका, चालेल. पण राग आला तर आधी मला खाली ठेवा. माझा बोल्ट बदलता आला. दादाचं बोट कुठून आणायचं?