परलोकातले पथ्य

मित्रांनो, मी डबा आहे. जुना म्हणा हवे तर, मला राग नाही. झाकणाला दोन पोचे आहेत आणि तिसऱ्या कप्प्यावरचे लाल फूल निम्मेच उरले आहे. पण माझे चारही कप्पे शाबूत आहेत आणि कडी अजून खटकन लागते. आमच्या कालव्यावर माझ्या वयाच्या किती जणांच्या गुडघ्यांबद्दल असे म्हणता येईल?

माझा जन्म पत्र्याचा. कारखान्यात मला ठोकून आकार दिला, वर पांढरे इनॅमल चढवले आणि भट्टीत घातले. तिथून मी होडीत बसून बाजारात आलो. लग्नाच्या आठ दिवस आधी प्रयूनने मला विकत घेतले. प्रयून माडांवर चढून नीरा उतरवायचा आणि तिचा गूळ करायचा. त्याची नवी बायको सामरुआय मला रोज सकाळी भरायची. तळाला भात, त्यावर चिंचेच्या कोळातली मासळी, मग लसूण घालून परतलेली कालव्याकाठची पालेभाजी आणि सगळ्यांत वर काहीतरी गोड. प्रयून नेमके ते वरचे आधी खायचा. "जो गूळ करतो त्यानेच गोड खायचं नाही, हा कुठला न्याय?" असे म्हणत बोटे चाटायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

मग लमाय नावाची एक बाई पुलाजवळ तयार कालवणे विकू लागली. प्लास्टिकच्या पिशवीत ओतले, वर रबर गुंडाळले, की झाले. गोड घट्ट दुधाचा बर्फाळ चहासुद्धा पिशवीतच. प्रयून दिवसातून तीनदा तो नळीने ओढत उभा असायचा. सामरुआयलाही चुलीपासून जरा सुटका हवी होती, तिला मी बोल लावत नाही. मी मात्र कपाटात गेलो. माझ्या एका कप्प्यात बटणे आली, दुसऱ्यात जुन्या बॅटऱ्या. बाहेर पिशव्या कालव्यात तरंगू लागल्या आणि होड्यांच्या पंख्यांत अडकू लागल्या. उरलेल्या पिशव्या विहाराच्या मागे जाळत, त्याचा धूर माझ्या कपाटापर्यंत यायचा. पुढे साखरेने प्रयूनला गाठले. आधी डोळे गेले, मग पाय सुजला. पथ्य म्हटले की तो ऐकू येत नसल्याचे सोंग करायचा. एका उन्हाळ्यात तो गेला.

शंभराव्या दिवशी सामरुआयने मला बाहेर काढले आणि घासून लख्ख केले. गेलेल्या माणसाला जे आवडायचे ते भन्तेंना वाढायचे, म्हणजे त्याला पोचते, ही आमची रीत. मग काय विचारता! दर पौर्णिमा, अमावस्या आणि अष्टमीला मी विहारात जाऊ लागलो. तळाला गोड चिकट भात, त्यावर चरबीने लकाकणारे डुकराचे मटण, मग साखरेच्या पाकातले अंड्याचे गोळे आणि सगळ्यांत वर भोपळ्यात वाफवलेले, खरवसासारखे लुसलुशीत, नारळाच्या दुधाचे गोड. माझी छाती फुगायची. असा कुठला डबा आहे जो थेट परलोकात जेवण पोचवतो? सात वर्षे मी याच तोऱ्यात होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. भन्तेंनी वाढलेले खायचे असते. हे हवे, ते नको, असे म्हणायचे नसते. आणि घरोघरची गेलेली माणसे सगळी गोडघाशीच निघाली! विहाराचे थोरले भन्ते पूर्वी पहाटे स्वतः होडी वल्हवत भिक्षेला यायचे. हळूहळू ते येईनासे झाले. त्यांच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती.

सामरुआयची लेक मालै आरोग्य केंद्रात मदतीला जाते. बाईने भन्तेंना हात लावायचा नसतो, म्हणून तिने साखर मोजायचे यंत्र विहारात चटईवर ठेवले आणि धाकट्या भन्तेंनी थोरल्यांचे बोट टोचले. आकडा आला तीनशे चाळीस. मालै घरी आली ती चेहरा पाडूनच.

"आई, साखर उतरली नाही तर भन्तेंचा पाय काढावा लागेल. डॉक्टर म्हणाले."

"मग कुणीतरी सांगा ना त्यांना, गोड खाऊ नका म्हणून!"

"ते खातात कुणाचं? काल त्यांच्यापुढे एकोणीस भांडी होती. सोळा गोड नाहीतर तेलकट. त्यातली चार तुझी."

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन माणूस आजारी पडतो? त्या लमायच्या पिशव्यांना बोल की!"

"तिलाही बोलणार आहे. सुरुवात घरापासून."

"आणि मी बंद केलं तर तुझे बाबा वर काय खातील? त्यांना भोपळ्यातलं गोड लागतंच."

मालै मला विसळत होती. तिने मान वर न करताच विचारले, "आई, बाबा गेले कशाने?"

"कशाने म्हणजे? साखरेने. तुला काय ठाऊक नाही..."

सामरुआयने माझ्याकडे पाहिले. नळ तसाच वाहत राहिला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "म्हणजे सात वर्षं मी ह्यांना वरसुद्धा..."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, आता ही हंबरडा फोडणार. पण ती पोट धरून हसू लागली. "मालै, अगं, ह्यांचा तिथलाही पाय सुजला असेल गं!"

दोघी मायलेकी ओट्याला टेकून हसत होत्या आणि मधूनमधून डोळे पुसत होत्या. मला सांगायला लाज वाटत नाही, मीही तेव्हा रडवेला झालो होतो. ओझे तर मीच वाहिले होते ना!

पुढच्या पौर्णिमेला सामरुआय प्रयूनच्या फोटोपुढे उभी राहिली. "हे बघा, आजपासून पथ्य. नाक मुरडायचं नाही. जिवंतपणी ऐकलं नाहीत, आता पळाल कुठे?" मग तिने मला भरले. हातसडीचा तांबडा भात, कारल्याची पातळ आमटी, आले-लिंबू लावून वाफवलेली मासळी आणि वर पपनसाच्या फोडी.

पुलाजवळ लमायने हटकलेच. "काय गं सामरुआय, कारल्याचा वास येतोय! राग भन्तेंवर आहे की नवऱ्यावर?"

"नवऱ्यावर. तीस वर्षांचा साठलाय!"

विहारात बायका कुजबुजू लागल्या. मेलेल्याला कडू वाढतात का कधी? सामरुआयने माझी कडी उघडली आणि चारही कप्पे ओळीने मांडले. थोरल्या भन्तेंनी आधी कारलेच उचलले. सावकाश चावले. मग मासळी घेतली, मग भात. शेवटी त्यांनी आमटीचा कप्पा कलता करून चमच्याने तळ खरवडला. सात वर्षांत त्यांनी माझा तळ कधी खरवडला नव्हता.

"प्रयूनला पोचलं," आशीर्वाद देऊन ते म्हणाले, "चांगलं पोचलं."

मग काय, एकच गलका झाला. "अगं, माझ्या सासूला रक्तदाब होता, आणि मी खारवलेली अंडी आणते!" "आमचे आजोबा दारूने गेले." "मग त्यांना शहाळं दे!" महिन्याभरात साऱ्या कालव्यावरच्या मेलेल्यांना पथ्य लागले. घरी शिजवलेले न्यायला भांडे हवे, म्हणून कपाटे उघडली आणि माझे भाऊबंद बाहेर आले. गेल्या अष्टमीला आम्ही बावीस डबे एका ओळीत होतो. लमाय आठ दिवस फुरंगटून बसली, मग तिने पाटी लावली: 'डबा आणा, एक डाव जास्त घ्या.' विहारामागचा धूर आता क्वचितच दिसतो.

पावसाळा सरला आणि भन्तेंची जखम भरली. डॉक्टरांचे औषध तर होतेच, पण औषधाला आता उलटे ओढणारे कोणी नव्हते. परवा पहाटे आमच्या धक्क्याला होडी लागली. थोरले भन्ते, स्वतः वल्हवत! सामरुआयने गुडघे टेकून भात वाढला. होडी वळणाआड गेली तरी ती उठेना. "ह्यांच्या ताटात वेळेवर कारलं पडलं असतं तर," एवढेच म्हणाली आणि मला छातीशी धरून बसून राहिली.

मित्रांनो, तिने गोड वाढले ते मायेनेच. मायेने वाढलेले भन्तेंना नाकारता येत नाही, घरच्या माणसांना नाकारवत नाही आणि कालव्याला तर तोंडच नाही. म्हणून विचार वाढणाऱ्यानेच करायचा. उद्या कुणासाठी काही शिजवाल, विकत आणाल, तेव्हा एवढे मनाशी विचारा: हे ज्याच्या पोटात जाणार आणि उरलेले ज्याच्या पाण्यात पडणार, त्या दोघांना सोसेल ना?