डॉक्टर कॅलिस्टर कोमात जातात

मृत्यूवर विजय मिळवलेले पुरुष मानवजातीच्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतकेच. लोवेल ड्रेक त्यांपैकी एक होता. त्याने हा विजय दोनदा मिळवला, दोन्ही वेळा दुपारी, आणि दोन्ही वेळा मध्ये कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात होती.

पहिल्यांदा तो विमानासकट समुद्रात कोसळला आणि सात आठवड्यांनी एका लग्नात हजर झाला. दुसऱ्यांदा त्याला जुळ्या भावाने गोळी घातली. जुळा भाऊही लोवेलच होता, फक्त मिशी लावलेला. आमच्या 'विलो पॉइंट' या मालिकेत मिशी लावली की आई मुलाला ओळखत नाही, असा नियम होता. मी त्या मालिकेचा संवादलेखक. म्हणजे "तर मग तुला सगळं ठाऊक होतं!" हे वाक्य मी बरबँकच्या स्टुडिओतल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून वर्षानुवर्षं लिहीत आलो.

लोवेल मूळचा नेब्रास्कातला, बियाणं विकणाऱ्या ड्राहोटांचा मुलगा. 'ड्राहोटा' हे आडनाव शाम्पूच्या जाहिरातीत शोभत नाही असं एजंटचं मत पडलं, म्हणून ड्रेक झाला. शाम्पूनंतर एका पोलिसी मालिकेत त्याला "गाडी तिकडे गेली" एवढं बोलायला मिळालं. मग ऐन तिशीत तो डॉक्टर प्रेस्टन कॅलिस्टर झाला, मेंदूचा सर्जन, आणि पंचवीस वर्षं झाला ते झालाच. सहा लग्नं केली, त्यातली तीन एकाच बाईशी. ग्लेनडेलच्या वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावरच्या बायका त्याला बाजूला घेऊन मानेवरचे तीळ दाखवत. तोही हातातला अवोकाडो खाली ठेवून गंभीरपणे पाहायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरांना दाखवून घ्या." हा सल्ला बऱ्याच खऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा चांगला होता.

त्याची खरी विद्या मात्र वेगळी. दुपारच्या मालिकेत प्रवेश संपतो तेव्हा नट बोलून झाल्यावर हलत नाही. चेहऱ्यावर जे काही असेल ते तसंच धरून कुठेतरी पाहत राहतो, जाहिरात येईपर्यंत. याला आम्ही 'थांबा' म्हणायचो. बाकीच्यांचे थांबे लवकर ओघळत. कुणाला शिंक येई, कुणाला भाडं आठवे. लोवेलचा थांबा म्हणजे दगडी पुतळा. एकदा चित्रीकरण चालू असताना भूकंप झाला. वरचे दिवे झुलायला लागले, दिग्दर्शकासह सगळे टेबलांखाली शिरले, आणि लोवेल थांबा धरून उभा. तो तुकडा आम्ही तसाच दाखवला. प्रेक्षकांनी लिहिलं की प्रेस्टनच्या मनातली खळबळ इतकी प्रभावीपणे पूर्वी कधी दिसली नव्हती.

एवढं असून त्याला पुरस्कार मिळालेला नव्हता. दरवर्षी नामांकन व्हायचं, दरवर्षी तो काळा सूट घालून जायचा, दरवर्षी पाकिटातून दुसऱ्याच कुणाचं नाव निघायचं, आणि कॅमेरा लोवेलवर यायचा. तेव्हा त्याने धरलेले थांबे त्याच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम होते; पण थांब्यांसाठी वेगळा पुरस्कार नव्हता.

शेवटी त्याने अभ्यास केला. मागचे सगळे विजेते काढून पाहिले आणि एका सकाळी निर्मातीच्या खोलीत शिरला. मी तिथेच होतो, पुढच्या आठवड्यातल्या अपहरणाबद्दल बोलत.

"ग्वेन, मला कोमात टाक."

ग्वेन स्ट्रिच प्लास्टिकच्या डब्यातून सॅलडचा पाला खात होती. "का रे? बरं वाटत नाहीये का?"

"कोमातून उठायचंय मला. पुरस्कार उठणाऱ्यालाच मिळतो, गं. आंधळा झालेल्याला दोनदा मिळाला, तुरुंगातून सुटलेल्याला एकदा; पण उठणारा कधी हरलेला नाही. डोळे उघडायचे, बायकोला ओळखायचं, दोन पानांचं स्वगत. मी पंचावन्नचा झालो. आता नाही उठलो तर कधी उठणार?"

ग्वेनने काटा खाली ठेवला. तिने अंदाजपत्रकाकडे प्रेमाने पाहिलेलं मी बघितलं होतं, नटाकडे कधी नाही.

"लोवेल," ती म्हणाली, "तू कलावंत आहेस."

बरबँकमध्ये हे वाक्य माणसाकडून काहीतरी काढून घ्यायच्या आधी म्हणतात. लोवेलचे डोळे भरून आले. कधी उठवणार, हे त्याने विचारलंच नाही. त्याने विचारलं, "डोळे थोडे उघडे ठेवता येतील?"

"कोमात?"

"किंचित."

"राजा, लोकांना पटायला नको का?" ग्वेन म्हणाली. मिशीवाला जुळा भाऊ तिच्याच कारकिर्दीत आला होता.

तर डॉक्टर कॅलिस्टर यांच्या गाडीला धडक बसली आणि ते स्वतःच्याच रुग्णालयात कोमात गेले. लोवेलने तयारी कसून केली. पुस्तकं वाचली, एका खऱ्या मेंदूतज्ज्ञाला भेटला; त्या गृहस्थांनी माहिती दिली आणि सासूबाईंसाठी सही घेतली. स्टुडिओत दारालगतच्या जागेवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. तिथे गाडी लावून तो गाडीतच आधी पाच मिनिटं बेशुद्ध पडायचा, मग बाहेर यायचा.

पहिला आठवडा दाखवून झाल्यावर त्याच्या आईचा, अर्लिसबाईंचा, नेब्रास्काहून फोन आला. आम्ही जेवत होतो, फोन टेबलावर ठेवलेला, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकला.

"लोवी, तिथे तुझ्याकडे कुणी लक्ष देत नाही रे. सलाईन संपलं होतं काल."

"आई, ते खोटं रुग्णालय आहे. आणि असलंच तर तिथला मुख्य डॉक्टर मी आहे."

"म्हणूनच तर काळजी वाटते."

मालिकेतली त्याची बायको सबाइन, जिच्याशी त्याने तीनदा लग्न केलं होतं, ती भूमिका डेल्फिन मॅकनल्टी करायची. आता तिला रोज पलंगाशी बसून बोलावं लागे. पंचवीस वर्षं लोवेलच्या थांब्यासाठी जागा सोडत आलेली बाई. समोरचा माणूस गप्प पडल्यावर ती अशी काही बोलायला लागली की दिवेवालेसुद्धा सँडविच चावायचे थांबले. तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवलं, हुंदका दिला, आणि पलंगातून कुजबुज आली.

"डेल्फिन, तुझ्या तोंडाला टूना माशाचा वास येतोय."

"कोमातल्या माणसाला वास येत नाही. गप्प पड."

"निदान दुसऱ्या बाजूने तरी रड. माझा चेहरा झाकतेस."

"तुझ्या चेहऱ्यावर आहे काय आत्ता झाकण्यासारखं?"

"अरे, कोमात कोण बोलतंय?" वरून दिग्दर्शक ओरडला.

पत्रांचा पाऊस पडला. सबाइनसाठी स्त्रिया इस्त्री करता करता रडत होत्या. लोवेललाही एक पत्र आलं. ओहायोतल्या एका बाईंनी लिहिलं होतं की डॉक्टरांचं काम इतकं मनाला भिडलेलं आपल्याला आठवत नाही. त्याने ते चौकटीत लावलं.

मी उठण्याचं स्वगत लिहिलं होतं. दोन पानं, लहानपण, पाप, पश्चात्ताप, आणि अखेरीला सबाइनचा हात. खरं सांगायचं तर बरं जमलं होतं. लोवेलला ते पाठ होतं. हमरस्त्यावर गाड्या तुंबल्या की तो काच वर करून म्हणायचा. शेजारच्या गाडीतले लोक मान वळवून घेत. दर सोमवारी तो ग्वेनला विचारी, "या आठवड्यात?" आणि ग्वेन म्हणे, "आत्ता नको, राजा. लोक किती छान रडताहेत." सुरुवातीला जॅकरांडाची जांभळी फुलं त्याच्या गाडीवर पडत होती. ती संपून बरबँकच्या खोऱ्यातला उन्हाळा सुरू झाला, डांबर मऊ झालं, तरी डॉक्टर पडूनच.

मग ग्वेनने बँडेज आणलं.

"दुसरी शस्त्रक्रिया," ती म्हणाली. "डोकं, चेहरा, सगळं गुंडाळायचं. थोडी गुंतागुंत वाढते."

लोवेल खूश झाला. "बघितलंस?" तो मला म्हणाला. "आधी चेहरा काढून घ्यायचा आणि मग परत द्यायचा. बाई रंगभूमी जाणते. बँडेज सुटेल तेव्हा अमेरिकेत कुणी श्वास घेणार नाही!"

दोन आठवड्यांनी ग्वेनने त्याला घरी राहून विश्रांती घ्यायला सांगितलं. बँडेजखाली कोण आहे हे काही दिसत नव्हतं. दिवेवाल्यांपैकी रामोन नावाचा एकजण त्याच्याच मापाचा होता, तो पडून राहील. लोवेल घरी बसून स्वतःला कोमात बघू लागला. आधी त्याची तक्रार होती की हात आपले वाटत नाहीत. मग तो डेल्फिनला भेटायला स्टुडिओबाहेर टाकोच्या गाडीवर आला. मीही होतो.

"खरं सांग, रामोन कसा करतो?"

"घोरत नाही," डेल्फिन म्हणाली. "तुझ्यापेक्षा तेवढं बरं."

"बँडेज कधी सोडताहेत, काही कानावर?"

डेल्फिनने टाको कागदावर ठेवला, बोटं पुसली. "लोवेल, तुझं नाव पुसलंय ते पाहिलंस का आज? गाडीच्या जागेवरचं?"

"रंग ताजा करायचा असेल. उन्हाने उडतो."

"अरे शहाण्या, आपल्या मालिकेत चेहऱ्याला बँडेज का बांधतात? चेहरा बदलायचा असतो म्हणून! जनरलसाहेब आठव. त्या नर्सची बहीण आठव. आतून दुसराच नट निघाला की नाही?"

"ते वेगळं. त्यांचं प्लास्टिक सर्जरीचं ऑपरेशन झालं होतं."

"कुणी केलं होतं?"

दोन्ही ऑपरेशनं डॉक्टर कॅलिस्टर यांनी केली होती. मेंदूचे सर्जन असले तरी विलो पॉइंटला दुसरा डॉक्टर नव्हता. दोन्ही वेळा बँडेज त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडलं होतं आणि नव्या चेहऱ्याकडे पाहून उत्तम थांबा धरला होता. आताही लोवेलने तो धरला. टाकोतला साल्सा मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरला, तरी तो हलला नाही.

आम्ही तडक ग्वेनच्या खोलीत गेलो; तिने काही लपवलं नाही. चॅनेलला तरुण चेहरा हवा होता. टॅनर व्हॉस नावाचा मुलगा ठरला होता. केस फार सुंदर.

"तो माझ्या मुलीपेक्षा लहान दिसतो," लोवेल म्हणाला. "म्हणजे प्रेस्टनच्या मुलीपेक्षा."

ग्वेन माझ्याकडे वळली. "शस्त्रक्रिया अपेक्षेपेक्षा चांगली झाली, असं एक वाक्य टाक."

"आणि उठणं?" लोवेलने विचारलं. आवाज अगदी बारीक. "ते मला करू दे, ग्वेन. बँडेजमधून. बँडेज बांधलेलंच राहू दे, मी नुसता बोलतो. मग त्याला घे."

"राजा, उठणार तोच ना. लोकांनी त्याच्यावर जीव जडवायला हवा." मग तिला आठवण झाली. "तुझ्या कराराचे अजून थोडे दिवस आहेत. आपला निवेदक निवृत्त झालाय. नट बदलला की एक वाक्य वाचावं लागतं, तुला माहीतच आहे. तू वाचतोस?"

मला वाटलं तो डबा उचलून पाला तिच्या डोक्यावर ओतेल. तो हो म्हणाला. चार महिन्यांत त्याला मिळालेला तो पहिला संवाद होता.

ध्वनिमुद्रणाची खोली कपाटाएवढी. लोवेल काळा सूट घालून आला. वाक्य होतं: "डॉक्टर प्रेस्टन कॅलिस्टर यांची भूमिका यापुढे टॅनर व्हॉस साकारतील." त्याने कागद दोनदा वाचला आणि काचेपलीकडून मला विचारलं, "भावना काय?"

"भावना नाही. माहिती आहे ती."

"बोलणाऱ्याला डॉक्टरांबद्दल काय वाटतं?"

"लोवेल..."

"बरं, बरं."

त्याने वाक्य म्हटलं. कॅलिस्टर हे नाव त्याने अगदी जपून उच्चारलं. आणि व्हॉस हे नाव त्याहूनही सभ्यपणे. मग कागद खाली घेतला, काचेवरून पलीकडे कुठेतरी पाहिलं, आणि थांबा धरला. समोर कॅमेरा नव्हता. मी पंधरा वर्षं त्या माणसासाठी लिहिलं. त्या चेहऱ्यावर होतं ते मला कधी लिहिता आलं नव्हतं. ध्वनिमुद्रकाचा हात बटणावर राहिला. कुणाला "झालं" म्हणवेना.

शेवटी लोवेलनेच विचारलं, "आलं का सगळं?"

"वाक्य आलं," ध्वनिमुद्रक म्हणाला. "मागची शांतता कापून टाकतो."

दाखवलं तेव्हा वाक्याला लागूनच मांजराच्या खाण्याची जाहिरात होती. संध्याकाळी अर्लिसबाईंचा फोन आला म्हणे. नवा मुलगा त्यांना पोरसवदा वाटला, पण लोवेलचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तोंड उघडलंस. आता बरा होशील."

टॅनर व्हॉसला माझं स्वगत लांब वाटलं. त्याने डोळे उघडले आणि म्हटलं, "सबाइन... पाणी." उरलेल्या दोन पानांच्या वेळात कॅमेरा त्याच्या केसांवर फिरवला. वसंतात त्या प्रवेशासाठी त्याचं नामांकन झालं. पलंगाशी रडल्याबद्दल डेल्फिनला पुरस्कार मिळाला आणि तिने भाषणात पहिलं नाव लोवेलचं घेतलं. तो शेवटून तिसऱ्या रांगेत बसला होता; कॅमेरा चुकून दुसऱ्याच गृहस्थांवर गेला.

उठणारा पहिल्यांदाच हरला: प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार एका वेगळ्याच मालिकेतल्या माणसाला मिळाला. त्याच्या पात्राची स्मृती गेली होती.