एका पुस्तकाचा संकल्प

उर्वशीनं स्केचपेनचं टोपण दातांत धरून भिंतीवरच्या तक्त्यावर ‘खेमसिंग राठोड’ असं नाव लिहिलं, नावापुढे चौकट आखली आणि मागे न वळताच विचारलं,

“सर, यंदा किती? साठ टाकू?”

“एक टाक,” खेमसिंग सर म्हणाले.

वाचनालयात जमलेली दहा-बारा माणसं हसली. शाळेत मराठी शिकवताना सर वर्गाला असेच हसवत. उर्वशीही हसली, पण सर हसले नाहीत, तेव्हा तिनं मुकाट्यानं चौकटीत एकचा आकडा घातला.

आर्णीच्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागल्यापासून ती दर एक जानेवारीला हा वाचनसंकल्प घेत असे. ज्यानं त्यानं वर्षभराचा आकडा जाहीर करायचा, वाचून झालेल्या पुस्तकाचं नाव तिच्या टेबलावरच्या वहीत लिहायचं, आणि वर्ष सरताना ज्याची पुस्तकं सर्वांत जास्त त्याला शाल आणि प्रमाणपत्र. मागच्या एक जानेवारीला ती शाल खेमसिंग सरांच्या खांद्यावर पडली होती. बावन्न पुस्तकं. दुसरे आले होते धर्मपाल खोब्रागडे, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारे. त्यांची एकतीस.

बावन्नातली सरांनी खरोखर वाचली होती नऊ.

निवृत्त झाल्यापासून त्यांचं वाचन सुटत गेलं होतं. चार पानं झाली की मन भलतीकडे जाई, पाचव्या पानावर आल्यावर पहिलं आठवेना. ज्या माणसानं तीस वर्षं पोरांना “वाचा, वाचा” म्हणून सांगितलं त्यानं हे कोणाला सांगायचं? पहिल्याच संकल्पाच्या वेळी त्यांनी भरल्या खोलीत बावन्नचा आकडा बोलून टाकला होता. मग दर आठवड्याला ते एक पुस्तक घरी नेत, मलपृष्ठावरचा मजकूर वाचत, पहिलं आणि शेवटचं पान चाळत आणि परत आणून वहीत नाव लिहीत. कोणी काही विचारत नसे. गावात ती पुस्तकं दुसऱ्या कोणी वाचलेलीही नव्हती.

“ती नावाड्याची कादंबरी दे,” सर म्हणाले. “निळ्या पुठ्ठ्याची.”

“ती तर वाचली न तुम्ही? वहीत आहे.”

“पुन्हा वाचतो.”

उर्वशीनं मागच्या कपाटातून ते जाड पुस्तक काढून आणलं आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “धर्मपाल काकांनंतर कोणी नेलंच नाही हे,” ती म्हणाली.

धर्मपाल ऑक्टोबरात गेले होते.

त्याआधी मार्चमध्ये, वाचनालयाच्या ओट्यावर, त्यांनी सरांना गाठलं होतं. जिनिंगचा हंगाम संपत आला होता, तरी त्यांच्या भुवयांत आणि कानावरच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले होते. ते चपला हातात धरून उभे राहिले, जसे पालक शाळेत येऊन उभे राहतात तसे.

“सर, वहीत पाह्यलं मी. ती नावाड्याची कादंबरी तुमीबी वाचली.”

“हो, हो. छान आहे.”

“त्याच्यात तो म्हातारा नावाडी नाही का, नदी आटून जाते तरी होडीले रंग लावते. अन् मंग गावातल्या लेकराइले होडीत बसवते, अन् कोरड्या रेतीत वल्हं मारत त्याइले त्या काठाले नेते. लेकरं अगोदर हासतेत, अन् मंग गप होतेत. आहे न ते?”

“आहे ना.”

“आहे न, सर?” धर्मपालांनी पुन्हा विचारलं. त्यांनी सरांचं मनगट धरलं होतं.

“अहो, त्या प्रसंगासाठी तर मी ती दोनदा वाचली,” सर म्हणाले.

धर्मपालांचा चेहरा असा उजळला की सरांना दुसरीकडे बघावं लागलं. “बस, बस,” असं दोनदा म्हणून ते चपला न घालताच ओट्याच्या पायऱ्या उतरले.

त्या दिवसापासून सरांनी वाचनालयात जायची वेळ बदलली. धर्मपाल सकाळी यायचे म्हणून सर संध्याकाळी जाऊ लागले, आणि वहीत नाव लिहिणं त्यांनी बंद केलं. हा माणूस आता आणखी विचारेल, बसून बोलू म्हणेल, ही एकच भीती. दोनदा धर्मपाल बसस्टँडवर समोरून येताना दिसले, तेव्हा सर औषधाच्या दुकानात शिरले आणि कारण नसताना खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर पडले. पोळ्याच्या आदल्या दिवशी धर्मपाल घरात पडल्याचं कानावर आलं. डोक्यात गाठ निघाली म्हणे. नागपूरला नेलं, परत आणलं. सर भेटायला गेले नाहीत. अंत्ययात्रेत ते शेवटच्या रांगेत चालले आणि अर्ध्या वाटेवरून परतले.

तेव्हापासून रोज कधी ना कधी त्यांना मनगटावर ती पकड जाणवायची. आंघोळ करताना, भाजी घेताना, नातवाशी फोनवर बोलताना. ते हात झटकायचे आणि समोरचं माणूस विचारायचं, “काय झालं सर, मुंगी चावली काय?”

दोन जानेवारीपासून सर चष्मा लावून अंगणात खुर्ची टाकून वाचायला बसले. रोज पंधरा पानं. मन पळालं की मागं येऊन तीच ओळ पुन्हा. बायको सोनीबाई दोनदा चहा घेऊन आली आणि न बोलता ठेवून गेली. नवऱ्याला असं वाचताना तिनं वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं.

अकराव्या पानाच्या घडीत त्यांना कापसाचा एक तंतू दिसला. सरांनी फुंकर मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुढे एकोणिसाव्या पानावर एक होता, मग चौतिसाव्या. धर्मपाल दुपारच्या सुटीत काट्यावर बसून वाचत, हे त्यांना माहीत होतं. तो माणूस रोज किती वाचायचा, कुठे थांबायचा, हे आता कळत होतं. काही ठिकाणी एकाच पानावर तीन-चार तंतू असत. तिथे तो बराच वेळ थांबलेला असणार. तिथे आले की सरही थांबत. दोघांनी एकच पान धरलं आहे असं वाटे, आणि मग पुढचं पान उलटायला हात धजत नसे.

दोनशे नव्वदाव्या पानावर नदीला पूर आला आणि नावाडी वाहून गेला. तरणाताठा, पस्तिशीतला.

सरांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. मग घाईघाईनं उचललं. कदाचित तो परत येत असेल. कदाचित त्याचा बाप असेल, म्हातारा, पुढे येणारा. ते रोज तीस, मग चाळीस पानं वाचू लागले. पुढे नावाड्याच्या बायकोची हकिगत होती, पुलाची होती, मुलाची होती. नदी एकदाही आटली नाही. आणि तंतू मात्र शेवटच्या पानापर्यंत होते.

फेब्रुवारी लागला होता. सर शेवटच्या पानावर बोट ठेवून बसून राहिले. म्हणजे धर्मपालांनी पुस्तक पूर्ण वाचलं होतं, आणि जे त्यात नाही तेच त्यांनी विचारलं होतं. त्यांनी सरांची परीक्षा घेतली होती. चोरी पकडली, आणि गावात कोणालाही सांगितलं नाही. शरमेनं सरांचे कान तापले. पण त्या शरमेत थोडं हलकंही वाटलं. निदान आता काय करायचं ते ठरलं.

रविवारी दुपारी त्यांनी प्रमाणपत्र आणि शाल एका पिशवीत घातली, कादंबरी वर ठेवली आणि ते धर्मपालांच्या घरी गेले.

रुखमाबाई दारातच तूर पाखडत बसल्या होत्या. सरांना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला.

“जय भीम, सर. या, या. घरात या.”

“जय भीम, वहिनी.”

खोलीत धर्मपालांचा हार घातलेला फोटो होता. सर त्याच्याकडे पाठ करून बसले. रुखमाबाईंनी चहा आणून ठेवला आणि समोर जमिनीवर बसल्या. सरांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. “हे खरं म्हणजे धर्मपालांचं आहे, वहिनी. पहिला नंबर त्यांचाच होता. मी—”

“ते राहू द्या, सर. तुमी आले, हेच लय झालं.” रुखमाबाईंची नजर कादंबरीवर गेली होती. “हे तेच न पुस्तक? लेकराइले होडीत बसवते ते?”

सरांचा हात तसाच राहिला. “तुम्हाला माहीत आहे?”

“माहीत नाही तं काय! आमच्या घरात या पुस्तकापायी केवढं झालं.” त्या किंचित हसल्या. “मागच्या फेब्रुवारीत हे मले रोज ती गोष्ट सांगे. पायल म्हणे, ‘बाबा, मी सारं पुस्तक चाळलं, त्याच्यात असं काहीच नाही.’ मंग हे घाबरले. वाचताना ओळी हालतेत म्हणे, अन् आपल्याच मनानं काहीबाही दिसते. पायल लॅबमध्ये काम करते न, तिनं यवतमाळच्या डॉक्टरले दाखवलं. त्याइनं नागपूरले डोक्याचा फोटो काढाले सांगतला. अठ्ठावीस मार्चची तारीख भेटली होती.”

सरांनी प्रमाणपत्र हळूच पिशवीत परत सारलं.

“अन् एक दिवस हे घरी आले, बिना चपलेचे. एवढे खूश! म्हणे, ‘रुखमा, आहे पुस्तकात. राठोड सराइनं दोनदा वाचलं. माह्यं डोस्कं बरोबर हाय.’ पायल म्हणाली, तरी जाऊन येऊ. मीच म्हणलं, कायले? एवढे शिकलेले सर सांगून राह्यले. मंग पोरगीबी गप बसली. म्हणे, मलेच सापडलं नसन.”

बाहेर कोंबडीनं तुरीत चोच मारली. रुखमाबाईंनी बसल्या जागेवरून तिला हाकललं.

“मागून नागपूरचा डॉक्टर म्हणे, काही महिने अगोदर आणाले पाह्यजे होतं. पोरगी लय रडली. मी तिले एकच सांगतो, सर. मार्चात तुह्या बापाचं डोस्कं नीटच होतं, सराची साक्ष हाय. बिमारी मागून आली. आपल्याकून काही चुकलं नाही.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तुमच्या त्या एका बोलावर आमी दोघी मायलेकी उभ्या आहो.”

चहावर साय धरली होती. सर तिच्याकडे बघत होते.

“मले मोतीबिंदूनं अक्षर दिसत नाही,” रुखमाबाई म्हणाल्या. “तेवढं पान वाचून दाखवा न, सर. याइच्या तोंडून ऐकलं, पुस्तकातून ऐकाचं राह्यलं.”

सरांनी कादंबरी उघडली. कुठेतरी मधेच. त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात वाचायचे त्या आवाजात सुरुवात केली. “नदी आटली होती. म्हातारा नावाडी रोज सकाळी काठावर येई आणि होडीच्या फळ्यांना रंग लावी. गावातली मुलं लांबून त्याला बघत. एक दिवस त्यानं मुलांना हाक मारली…”

ते थांबले. समोरून काहीच हालचाल नव्हती. त्यांनी मान वर केली.

रुखमाबाई त्यांच्या छातीकडे बघत होत्या.

“सर,” त्या सावकाश म्हणाल्या, “चश्मा तं तुमच्या खिशात हाय.”

सरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“नाहीच न ते पुस्तकात?”

“नाही.”

“मंग तुमी त्याइले होय काहून म्हणलं?”

“मी तेव्हा ते पुस्तक वाचलंच नव्हतं, वहिनी.”

रुखमाबाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. जमिनीवर पडलेला तुरीचा एक दाणा त्यांनी उचलला आणि बोटांत फिरवत राहिल्या. मग बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला, आणि रुखमाबाई एकदम पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, “पोरीले सांगू नका.”

पायल आत आली. ओढणी सोडवता सोडवता तिनं सरांना ओळखलं, वाकून नमस्कार केला, आणि तिची नजर पुस्तकावर पडली तशी ती थबकली.

“हे इथं काहून आणलं?”

“मीच म्हणलं सराइले,” रुखमाबाई म्हणाल्या. “वाचून दाखवलं त्याइनं आताच. तुह्या बाबानं सांगतलं तसंच हाय. रंगाचं, लेकराइचं, सारं.”

पायल उभीच होती. तिनं सरांकडे पाहिलं.

“म्हणजे होतं ते? मलेच सापडलं नव्हतं?”

“हो माय,” रुखमाबाई म्हणाल्या. “तुलेच सापडलं नव्हतं.”

पायलनं मान हलवली. खांदे सैल सोडून, बऱ्याच दिवसांनी बसायला मिळावं तशी ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, “कोणत्या पानावर हाय, सर?”

रुखमाबाईंनी सरांकडे पाहिलं नाही.

“शेवटाकडे आहे,” खेमसिंग सर म्हणाले.

“बरं,” पायल म्हणाली, आणि हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेली.

रुखमाबाईंनी सरांपुढचा गार चहा उचलला आणि जमिनीला हात टेकून त्या उठल्या.

“गरम करून आणतो. पोरीले शंका येईन, तसेच उठू नका. पिऊन जा,” त्या म्हणाल्या. “अन् पुन्हा येऊ नका, सर.”

सर बसून राहिले. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.