डोक्यातली चंद्रकोर

नवऱ्यानं बायकोला शिव्या दिलेल्या मी लई ऐकल्यात, पण "बाई, तुमी कोणाच्या घरच्या?" असं विचारलेलं कधी ऐकलं न्हाई. आमच्या म्हाताऱ्यानं मला तेच विचारलं. माझ्याच चुलीपुढं बसून, माझ्याच हातची भाकर तोंडात घालून!

"राधाकिशनच्या घरची," मी म्हणाले. उखाण्याबिगर त्याचं नाव जन्मात पहिल्यांदा घेतलं, तेही असं. "ओळखता का त्यास्नी?"

"ऐकल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला, अन् कालवण मागितलं.

दिवाळी झाल्यावर हे सुरू झालं. आधी डोकं दुखायचं. मी म्हणाले, तेलकट सोसलं नसेल. मग डावा पाय ओढायला लागला. मग मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात घातली. अंधारात नुसत्या खोकण्यावरून मेंढरू ओळखणारा माणूस, तो घरची वाट चुकला.

माझा पोरगा हनुमान मोबाईल बघून आला. "माय, हा विसरायचा आजार हाय. ह्याच्यावर विलाज न्हाई. आण्णा आता असेच राहणार. मेंढरं इकून टाकू."

"मोबाईलनं आण्णाची नाडी कधी धरली रे?" मी म्हणाले. "अंबाजोगाईला डोक्याच्या आतला फोटो काढतात म्हणं. आत काय हाय ते माझ्या डोळ्यांनी बघीन. रडायचं का न्हाई ते मग ठरवीन."

तोंडानं बोलले खरी, पण जीपमध्ये बसले तेव्हा एकच इचार डोक्यातून जाईना. हा माणूस मला साफ विसरला, तर मी भांडायचं कुणाशी?

ती मशीन म्हणजे भलं मोठं पांढरं चाक. मधल्या भोकात माणसाला झोपवून सरकवतात. म्हातारा पटका काढायला तयार होईना. मी डोळे वटारले तेव्हा काढला. तो मांडीवर घेऊन मी बाहेर बाकावर बसले. बिनापटक्याचं त्याचं डोकं एवढंएवढंसं दिसलं, लहान लेकरासारखं. मला बघवेना.

डॉक्टर म्हणजे पोरगीच होती, आमच्या नातीएवढी. वैष्णवी नाव. तिनं फोटो उजेडावर धरला.

"आजी, विसरायच्या आजारात मेंदू बरेचदा आकसतो, सुकत जातो. आजोबांचा सुकलेला नाही. दाबला गेलाय. हे बघा."

मी बघितलं. कवटीच्या आतल्या अंगाला एक चंद्रकोर चिकटून बसली होती, अन् तिनं सगळा मेंदू एका बाजूला रेटला होता. गच्च भरलेल्या जीपमध्ये एखादा जाडा माणूस घुसावा अन् बाकीच्यांनी अंग चोरावं, तसं.

"हे साचलेलं जुनं रक्त. बारीक भोक पाडून काढून घेता येतं. त्यानंतर पुष्कळ जण पहिल्यासारखे होतात," ती म्हणाली. "डोक्याला मार लागला होता का?"

"आमच्या म्हाताऱ्याला मारायची आख्ख्या तालुक्यात कुणाची टाप न्हाई."

म्हातारा खाली फरशीकडं बघत बसला.

ऑपरेशन झालं. एका सकाळी मी त्याच्या तोंडाला चहा लावला, तर घोट घेऊन तो म्हणतो, "सुभद्रे, साखर टाकताना हात आखडला का?"

इतकं गोड गाऱ्हाणं मी आयुष्यात ऐकलं न्हाई. हनुमान डोळे पुसायला बाहेर गेला. मी नुसताच पदर नीट केला.

मग हळूच म्हातारा म्हणाला, "सुलतानला इकलं न्हाई ना?"

सुलतान म्हणजे आमचा मेंढा. म्हाताऱ्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

"कावून इकीन?"

त्यानं चादर नाकापर्यंत वर ओढली. तिथंच मला संशय आला. तेवढ्यात डॉक्टर पोरगी आली अन् तिनं माराचं परत विचारलं. भिंतीकडं तोंड करून म्हातारा सांगायला लागला.

"पाडव्याला मेंढरांची पूजा झाली. सगळे फराळाला घरी गेले. मी सुलतानच्या कपाळाला भंडारा लावला अन् देव समजून त्याच्यापुढं डोकं टेकवाया वाकलो. त्याला वाटलं, मी टकरीला आलो."

डॉक्टर पोरीनं हसू दाबायला तोंडाला फाईल लावली. "मग सांगायचं नाही का, आजोबा?"

"मेंढक्यालाच मेंढ्यानं आडवं केलं म्हणून गाव हसलं असतं. अन् हिनं सुलतानला बाजार दाखवला असता."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी इतके दिवस सांभाळलेला पटका त्याच्या उशाशी ठेवला.

"अवो, एवढा संसार झाला, माझ्यापुढं कधी मान वाकवली न्हाई, अन् वाकवली ती मेंढ्यापुढं! सुलतानला मी इकत न्हाई, त्याला तुमी लढाईला बोलावलं, तो आला. पण आता पुन्यांदा कुणापुढं वाकावं वाटलं, तर माझ्यापुढं वाका. मी नुसती बोलते, टक्कर मारत न्हाई."