तिसरा कागद

मित्रांनो, खोक्यावर चिठ्ठी आहे: ‘सातवा, भंगार’. तो सातवा मी. प्रकाश ओळखणारा नखाएवढा डोळा, मागे तळहाताएवढी हिरवी सर्किटची पट्टी. लोक मला रिसीव्हर म्हणतात.

माझं काम ऐकण्याचं. काचेच्या एकाच तारेवर बत्तीस घरं. प्रत्येक घरातला फोन-इंटरनेटचा डबा आपली पाळी आली की प्रकाशाच्या उघडझापीत बोलतो. जुने डबे सावकाश बोलतात, नवे दहापट वेगाने. जवळच्या घराचा प्रकाश डोळे दिपवतो, टोकाच्या घराचा जेमतेम दिसतो. मला दोन्ही वेगांचं आणि सगळ्यांचं ऐकायचं होतं. म्हणून माझ्यात दोन वाटा केल्या, एक सावकाश बोलणाऱ्यांसाठी, एक वेगवानांसाठी. दोन घरांच्या बोलण्यामध्ये मला क्षणभर रिकामा वेळ मिळायचा. आधीच्याचं सगळं पुसायचं आणि पुढच्यासाठी कान कोरा करायचा.

.

ही अशी रिकामी जागा. लक्षात ठेवा.

.

मला घडवलं ताईने. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. तिने माझ्या वाटा चार वेळा उखडल्या, चार वेळा जोडल्या. फोनवर ती मावशीला सांगायची, “तुझा जुना डबा मुळीच बदलू नकोस. माझा रिसीव्हर जुन्यांचंही ऐकतो.”

“ऐकू दे बाई,” मावशी म्हणायच्या. “या घरात माझं ऐकणारं कुणी उरलं नाही.”

मावशी तारेच्या अगदी टोकाला राहत. एकट्या. गळ्यात एक बटण होतं. पडल्या-झडल्या तर दाबायचं. त्याची हाक त्याच जुन्या डब्यातून निघायची.

माझी परीक्षा झाली. चाचणीचं यंत्र एका वेगावरून दुसऱ्यावर न्यायला तास मोडायचा, म्हणून सकाळी सगळे सावकाश संदेश, दुपारी सगळे वेगवान. दोन कागद. दोन्हींवर सगळे रकाने हिरवे. माझं कौतुक झालं, फोटो काढला.

ताई मात्र खुर्चीतून उठली नाही. “वेगवान आणि झगझगीत संदेशामागून लगेच सावकाश, अंधूक संदेश आला तर? मिसळून तपासलंच नाही आपण. मला दोन आठवडे द्या.”

“दोन कागद हिरवे आहेत,” थोरले साहेब म्हणाले. “तिसरा कुठून काढलास? आणि तो मधला रिकामा वेळ अर्धा कर. तेवढ्यात आणखी दोन घरं बसतील.”

“पुसायला वेळ पुरेल का?”

“तूच बनवलायस ना? मग मलाच काय विचारतेस?”

ताईने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग सही केली.

.

मी टेलिफोन केंद्रातल्या कपाटात बसलो. वर्षभर सगळं ठीक. मग माझ्या, म्हणजे मावशींच्याच तारेवर, केंद्राजवळच्या एका घरात नवा डबा आला. वेगवान, झगझगीत. त्याची पाळी मावशींच्या लगेच आधी.

मावशींनी ताईला मोबाइलवरून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. “घरचा फोन मधेच मुका होतो गं. तुझा रिसीव्हर माझ्यासारखाच बहिरा झाला की काय?”

“तार हलली असेल, मावशी. येते, बघते.”

ती गेली नाही. कामात होती.

एका दुपारी नवा डबा भरभरून बोलत होता. माझ्या सावकाश वाटेत त्याच्या झगझगाटाचा थेंबभर अंश उरत होता. पुसून होण्याआधीच पुढची पाळी येत होती. टोकाकडून अंधूक प्रकाश आला, आणि मी

बटण अकरा वेळा दाबलेलं होतं. बटणाच्या आतल्या नोंदीत ते निघालं. न्हाणीघराचं दार शेजारणीने दुसऱ्या दिवशी उघडलं.

.

ताईने मला कपाटातून स्वतः उपसलं. यंत्रावर आधी झगझगीत, लगेच मागून अंधूक संदेश लावला. पडद्यावर चुका उमटल्या, ओळीवर ओळी. त्या चाचणीला दोन आठवडे लागले नाहीत. अर्धा दिवस लागला.

“तुझी चूक नाही,” थोरले साहेब दारातून म्हणाले.

“सही माझी आहे,” ताई म्हणाली. ती वळली नाही.

तिने माझ्या सावकाश वाटेत एक बारीकसा स्विच जोडला. उरलासुरला अंश तो झटकन काढून टाकतो. मला आता सगळं ऐकू येतं, सगळ्यात अंधूक संदेशही. ताईने तिसरा कागद भरला, सही केली आणि माझ्या खोक्यात घडी करून ठेवला. भंगाराची चिठ्ठी नंतर दुसऱ्या कुणीतरी लावली.

माझी चारशे भावंडं अजून कपाटांत बसली आहेत. त्यांच्यात तो स्विच नाही. ‘टप्प्याटप्प्याने बदलू’ असं ठरलं आहे. त्यांच्या तारांच्या टोकाला कोण राहतं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काहीतरी बनवाल. कुणीतरी तुमच्यापुढे दोन हिरवे कागद ठेवेल. तेव्हा तिसरा मागा. आणि घरात कुणी मोठ्याने बोलून थांबलं, की लगेच उठून जाऊ नका. हळू बोलणाऱ्यासाठी थोडी जागा सोडा.

.

इतकी पुरते.