दोनच सीट शिल्लक

खुशालराव सकाळी चहाच्याही आधी भाव पाहत. आजवर कापसाचा पाहत, यंदा नवरात्रापासून विमानाचा पाहू लागले होते. लीलाबाई खाटेवर पडल्या पडल्या नवऱ्याचं तोंड पाहत, कारण त्यांना सध्या तेवढंच काम उरलं होतं. श्रावणात न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, अमरावतीला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं तीन-चार महिने प्रवासाचं नावही काढायचं नाही म्हणून बजावलं. वॉकर धरून दारापर्यंत जायचं आणि तेवढ्यानं दमून परत यायचं, असे दिवस होते.

आणि नेमकं यंदाच रागिणीचं पहिलं बाळंतपण. लेक बंगलोरला, जावई ईशान तिथंच नोकरीला, त्याला आई नाही. लीलाबाईंना तिकडे जाणं शक्य नव्हतं, तेव्हा रागिणीनंच अकोटला यायचं ठरलं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रेल्वेचे धक्के नकोत. विमानानं नागपूरपर्यंत जा, पुढे सावकाश मोटारीनं. तेही धनत्रयोदशीपर्यंतच, कारण त्यापुढे दिवस भरत आलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. लेक आपल्या डोळ्यांसमोर बाळंत व्हावी, नातवाला पहिली आंघोळ आपण घालावी, एवढंच लीलाबाईंना हवं होतं. कंबर गेली तरी हात तर शाबूत होते.

तिकिटं काढायला ईशान तयार होता. खुशालरावांनी त्याला गोड बोलून गप्प बसवलं. पहिल्या खेपेला लेकीला न्यायला बापानं जायचं आणि खर्चही बापानं करायचा. जावयाच्या पैशानं लेक माहेरी आली तर गावात तोंड कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. जातानाचं तिकीट स्वस्त होतं. अडलं होतं ते येतानाच्या दोन सीटांवर, कारण दिवाळीला वऱ्हाडातली सगळी पोरं बंगलोरहून एकदमच घराकडे निघतात.

पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती खुशालरावांच्या हुशारीची. गेल्या वर्षी सगळ्या अकोटानं दिवाळीच्या तोंडावर पडत्या भावात कापूस विकला, तेव्हा यांनी तो घरात कोंबून ठेवला. लीलाबाईंच्या खाटेखालीसुद्धा कापूस होता आणि अंगाला खाज सुटून त्या रात्ररात्र जागत. मग होळीच्या सुमारास यांनी तो असा विकला, की बाजारात लोक अजून त्यांना बोलावून चहा पाजतात आणि पुढं काय होणार ते विचारतात. तेव्हापासून जगातला कुठलाही भाव आपल्याला विचारूनच हलतो, असं त्यांना वाटू लागलं होतं. तिकिटाचा आकडा नेहमीच्या तिप्पट दिसला तेव्हा ते घाबरले नाहीत, हसले.

"थांब जरा," ते म्हणाले. "चढलेला भाव उतरते. घाई केली का माणूस फसते."

फोनवर लाल अक्षरांत ‘दोनच सीट शिल्लक’ असं यायचं. त्याचीही त्यांना गंमत वाटे. शेवटच्या दोनच जुड्या आहेत म्हणणारे भाजीवाले त्यांनी जन्मभर पाहिले होते. आपण पाठ फिरवली की त्याच टोपलीतून आणखी दहा निघतात. एकदा तर त्यांनी कंपनीच्या नंबरावर फोन लावला आणि दोन सीट एकदम घेतो, काही कमीजास्त करा म्हणाले. पलीकडची मुलगी मोठ्या अदबीनं ‘जी सर, जी सर’ करत राहिली आणि एक रुपया सोडला नाही. तिकीट घ्यायची आपल्याला गरज आहे हे फोनलाही कळू नये म्हणून की काय, भाव पाहून झाला की ते फोन पालथा ठेवत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भाव खरोखरच थोडा उतरला. लीलाबाई कोपरावर रेटा देऊन उठून बसल्या.

"अहो, घेऊन टाका आता. लय झालं."

"पाह्य, मी म्हटलं होतं का नाही? आता अजून पडते. चार रोज दम धर."

त्या दिवशी लीलाबाईंनी चोरून लेकीला फोन केला आणि तुम्हीच तिकिटं काढा म्हणाल्या. रागिणी म्हणाली की बाबांना न विचारता काढली तर ते दुखावतील, न्यायला येणारच नाहीत. आणखी चार दिवस पाहू. लीलाबाईंना लेकीचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मोडक्या हाडाचा आला. पाय धड असते तर त्या एव्हाना बंगलोरला पोचून लेकीचं डोकं चोळत बसल्या असत्या.

चार दिवसांत भाव पडला नाही, चढला. मग आणखी चढला. खुशालराव भाव सांगेनासे झाले, आणि त्यांचा चहा कपातच निवू लागला. एका सकाळी तोंड न धुता ते म्हणाले, आज घेऊनच टाकतो, जाऊ दे काय जायचे ते पैसे. पण आता एकच सीट शिल्लक होती, आणि या अवस्थेत एकटीनं येऊ नकोस असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत तीही गेली. भाजीवाला खरं बोलत होता.

मग त्यांची जी धावाधाव झाली ती पाहवत नव्हती. अकोल्याच्या एजंटाकडे गेले, अमरावतीच्या एजंटाला फोन केले, नागपूरच्या साडूला विमानतळावर पाठवलं. कितीही घ्या, पण दोन जागा द्या, असं म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाव विचारला नव्हता, आणि विकायला कोणाकडे काही नव्हतं. दिल्लीवरून फिरून येणारं एक विमान सापडलं, पण त्यात सगळा दिवस जात होता, आणि रागिणीच्या पायांना सूज होती. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. धनत्रयोदशी आली आणि गेली.

दिवाळीत लीलाबाईंना समोरच्या खोलीकडे बघवेना. तिथं बाज घालून ठेवली होती, शेगडी होती, जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या मऊ घड्या होत्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी सवयीनं फोन उघडला आणि ते तसेच बसून राहिले. लीलाबाईंनी काय झालं विचारलं.

"उतरला," ते म्हणाले. "तिसऱ्या हिश्शावर आला. सीटाच सीटा हायेत."

म्हणाले होते तस्संच झालं होतं. लीलाबाईंना इतका संताप आला की उठून बाहेर निघून जावंसं वाटलं; पण उठायलाही त्यांना याच माणसाचा हात लागत होता. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मनसोक्त रडून घेतलं. रडणं संपल्यावर पदरानं तोंड पुसून त्या वळल्या.

"बाळंतपणाले आता तुमी जा."

"मी? बाप जाते का बाळंतपणाले?"

"मंग कोन जाईन?"

लीलाबाईंकडे त्यांच्या जाऊबाई माणिकबाई बघणार होत्या. बंगलोरहून येणारी विमानं रिकामी असली तरी तिकडे जाणारी आता भरभरून चालली होती; पोरं दिवाळी करून नोकरीवर परतत होती. खुशालरावांनी नागपूर-बंगलोरचं तिकीट काढलं. भाव किती होता ते बोलले नाहीत, लीलाबाईंनी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी लीलाबाईंनी त्यांना खाटेपुढे जमिनीवर बसवलं. पाठ भिंतीला, पाय लांब पसरलेले, पायांवर बाळाच्या जागी उशी. तेल कुठून लावायला घ्यायचं, ऊन पाणी कोपरावर कसं पाहायचं, हे सगळं त्या खाटेवरून सांगत होत्या आणि कापसाचा भाव ओळखणारे खुशालराव निमूट ऐकत होते. मग त्यांनी उशीवर रिकामा गडू ओतला.

"मान धरा. मानेखाली हात घाला, पाठीखाली नाई. पाणी कानात जाऊ देऊ नका."

"असा?"

"तसा नाई. असा," म्हणत लीलाबाई खाटेच्या कडेला आल्या आणि दाखवायला त्यांनी हात लांब केला. हात उशीपर्यंत पोचला नाही.